अंजिराला कात्री लावण्याआधी फळाची काडी ओळखा

वाचकाचं पत्र: अंगणात सहा वर्षांचं अंजिराचं झाड आहे. आधी त्याला वर्षातून दोनदा फळं यायची. हंगामाच्या सुरुवातीला थोडी पण मोठी, आणि नंतर लहान पण भरपूर. झाड पंधरा फुटांवर गेलं, फळं हाताला येईनात, म्हणून गेल्या वर्षी पानगळीनंतर सगळ्या फांद्यांचे शेंडे सरसकट दोन-दोन फूट उडवले. त्यानंतर पहिली फळं आलीच नाहीत. जिथं कापलं तिथून तीन-चार सरळसोट काठ्या निघाल्या आणि माणसापेक्षा उंच वाढल्या. त्यांच्यावर फळं धरली, पण सुपारीएवढी होऊन आठवडेच्या आठवडे हिरवीच राहिली आणि थंडी पडताच गळाली. पानांच्या मागे तपकिरी पूड दिसते. दर महिन्याला शेणखत आणि मूठभर युरिया घालतो. छाटताना चीक लागून दुसऱ्या दिवशी हातांवर फोड आले, ते वेगळंच. आता पुन्हा पानगळ झाली आहे. यंदा छाटू की नको? आणि छाटलेल्या काड्या लावल्या तर जगतील का?

उत्तर:

छाटा. पण शेंडे सरसकट उडवू नका. फळं न येण्याचं कारण आजार नाही, आणि झाड फळाला नाखूशही नाही. काडीवरच्या ज्या डोळ्यांमध्ये, म्हणजे मिटलेल्या कोंबांमध्ये, पहिली फळं तयार होऊन बसली होती तेच डोळे कापले गेले, आणि बाकीच्या तक्रारीही बऱ्याचशा त्यातूनच निघाल्या.

अंजीर दोन वेगवेगळ्या वयाच्या काड्यांवर फळ धरतं. हंगामाच्या सुरुवातीची मोठी फळं गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर येतात, तीही शेंड्याजवळच्या काही पेरांवर. नंतरचा मुख्य बहार त्याच वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर, पानांच्या बगलेत येतो. म्हणजे पानगळीनंतर काडीचा शेंडा कापला की त्या काडीवरचा पहिला बहार संपला. ही छाटणी चूक की बरोबर, हे तुम्हाला कुठला बहार हवा आहे त्यावर ठरतं. दोन्ही हवे असतील तर सगळ्या काड्यांना एकच न्याय लावून चालत नाही.

आता पानं नाहीत, तेव्हा झाडाजवळ जाऊन एक काडी नीट बघा. गेल्या हंगामातली काडी गुळगुळीत असते आणि तिचा रंग मागच्या लाकडापेक्षा वेगळा दिसतो. जिथून ती सुरू होते तिथं सालीवर एकमेकींना लागून असलेल्या वळ्यांचा गोल पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या पुढचं सगळं गेल्या वर्षीचं. शेंड्याकडच्या पेरांवर पानाच्या वणाच्या वर डोळे दिसतील. टोकदार, चपटा डोळा पानाफांदीचा. त्याच्या शेजारी गोलसर, फुगीर डोळा असेल तर तो फळाचा. हा फरक एकदा नजरेत बसला की कुठं कापायचं हे बहुतेक वेळा काडी बघूनच कळतं.

एक शंका आधी दूर करू. काही जातींमध्ये पहिला बहार आपोआप पिकतो, पण दुसऱ्या बहारातल्या फळांना परागीकरण लागतं, आणि ते अंजिराच्या विशिष्ट चिमुकल्या माशीशिवाय होत नाही. ती माशी नसेल तर दुसऱ्या बहाराची फळं दरवर्षी, न चुकता, लहानपणीच गळतात. अशा झाडाची कडक छाटणी केली तर पूर्ण वर्ष हातचं जातं. तुमच्या झाडावर पूर्वी दोन्ही बहार पिकत होते, म्हणजे ते घरगुती बागांत सर्वत्र असणाऱ्या, परागीकरणाशिवाय फळ पिकवणाऱ्या प्रकारातलं आहे. तेव्हा तुमच्या फळगळीचं कारण जातीत नाही, दुसरीकडे शोधायचं आहे.

ते कारण असं. अंजिराचं फळ तीन टप्प्यांत वाढतं. पहिले पाच-सहा आठवडे ते भराभर मोठं होतं. मग काही आठवडे जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. आकार वाढत नाही, रंग बदलत नाही, दाबलं तर कडक लागतं. आत बी आणि गर तयार होत असतो, पण बाहेरून काहीच कळत नाही. शेवटच्या टप्प्यात ते थोड्याच दिवसांत फुगतं, मऊ होतं, आणि साखरेचा बहुतेक भाग तेव्हाच भरतो. या शेवटच्या टप्प्याला ऊब लागते. तुमच्या झाडाने कापलेल्या जागेवरून नवे डोळे जागे करण्यात, मग जोमाने लांब काठ्या वाढवण्यात हंगामाचा पहिला भाग घालवला. फळं उशिरा धरली, आणि मधल्या थांब्यात असतानाच थंडी आली. भरीला युरिया. युरियातलं नत्र मिळत राहिलं की झाड पाला वाढवत राहतं, फळ पिकवायची घाई करत नाही. आणि त्या पाल्याची सावली आतल्या फळांवर पडते.

आता यंदाच्या छाटणीकडे वळू.

वेळ महिन्यावरून ठरवू नका, झाडावरून ठरवा. पानं पूर्ण गळली आहेत, डोळे अजून मिटलेले आहेत, आणि पुढचे चार-पाच दिवस पाऊस नाही, ही योग्य वेळ. जिथं पाणी गोठेल इतकी कडक थंडी पडते तिथं ती सरेपर्यंत थांबा, कारण थंडीने काही शेंडे मरतात आणि आधीच छाटलं तर कुठलं लाकूड जिवंत आहे हे कळायच्या आत निर्णय झालेला असतो. मेलेला शेंडा नखाने खरवडला की खाली तपकिरी निघतो, जिवंत हिरवा. उष्ण हवेत जिथं झाड पूर्ण निष्पर्ण होत नाही, तिथं बहार संपल्यावर जमिनीचा मगदूर पाहून दोन-तीन आठवडे पाणी तोडून ताण द्यावा, बरीच पानं पिवळी पडून गळाली की छाटावं आणि मग पुन्हा पाणी सुरू करावं. डोळे फुगून हिरवे दिसायला लागल्यावर मोठे काप घेऊ नयेत. चीक फार वाहतो आणि झाडाने साठवलेलं अन्न फुटीसकट वाया जातं.

चिकाबद्दल आधीच सांगतो, कारण तुमच्या हातांवरचे फोड त्यामुळेच आले. अंजिराच्या पानांत आणि कोवळ्या काड्यांच्या चिकात अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते. जळजळ लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी लाली आणि फोड येतात, आणि नंतर काळसर डाग आठवडेच्या आठवडे राहतात. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि डोक्यावरच्या फांद्या कापताना डोळ्यांना चष्मा. शक्यतो संध्याकाळी छाटा. चीक लागलाच तर लगेच साबणाने धुवा आणि पुढचे दोन दिवस तो भाग उन्हापासून झाका. मुलांना छाटलेल्या फांद्यांशी खेळू देऊ नका. फोड मोठे असतील किंवा डोळ्यात चीक गेला असेल तर डॉक्टरांकडेच जा.

हत्यारं दोन पुरतात: बोटाएवढ्या काडीपर्यंत धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), त्याहून जाड फांदीला छाटणीची करवत. बोथट सिकेटर अंजिराचं मऊ लाकूड चिरडतं आणि चिरडलेली जागा वाळत खाली जाते. सुरू करण्यापूर्वी आणि रोगट फांदी कापल्यावर पातं स्पिरिटने पुसा.

पहिल्या फेरीत विचार करावा लागत नाही. मेलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. बुडातून आलेले फुटवे काढा. ते जमिनीच्या वर कापले तर पुन्हा दुपटीने येतात, म्हणून माती बाजूला सारून जिथून फुटले तिथून काढा. काही फळं काळी, सुकलेली झाडावर लटकत राहिली असतील तर तीही तोडा, त्यांच्यात बुरशी मुक्काम करते.

दुसरी फेरी उंचीची, आणि इथंच तुमची गेल्या वर्षीची पद्धत बदलायची आहे. उंच फांदी मधूनच तोडली की कापाच्या खालचे तीन-चार डोळे एकदम उठतात आणि सरळ वर धावतात. त्याऐवजी उंच फांदी खाली तिला फुटलेल्या एखाद्या बाहेरच्या बाजूच्या उपफांदीपर्यंत आणून कापा. ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे रस तिच्याकडे वळतो आणि सरळसोट काठ्या कमी येतात. पंधरा फुटांचं झाड एका वर्षात आठ फुटांवर आणायचा मोह होईल. तो टाळा. या वर्षी सगळ्यांत उंच दोन किंवा तीन फांद्या, पुढच्या वर्षी आणखी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी राहिलेल्या. एका छाटणीत झाडाच्या एकूण लाकडाच्या पाव ते एक तृतीयांशाहून जास्त काढू नका. मुळं तेवढीच आणि डोळे थोडे, असं झालं की झाड पुन्हा काठ्याच वाढवतं.

शेवटी झाडाला चार ते सहा मुख्य फांद्या हव्यात, चारी दिशांना पसरलेल्या, आणि मध्यभाग मोकळा. मध्यभागात किती काढायचं याची कसोटी अशी की पानं आल्यावर दुपारी झाडाखाली उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. उजेड ज्या काडीला मिळत नाही तिच्यावर पुढच्या वर्षी फळाचे डोळे बसत नाहीत, आणि दोन-तीन वर्षांत सगळं फळ झाडाच्या टोपीवर जाऊन बसतं. हात पोचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा उंचीपेक्षा सावलीमुळे निर्माण झालेली असते.

तिसरी फेरी त्या सरळसोट काठ्यांची. प्रत्येक जुन्या कापावर तीन-चार आहेत. त्यातली एक ठेवा, बाहेर झुकलेली आणि मध्यम जाडीची. बाकीच्या बुडाशी काढून टाका. सगळ्यांत जाड, सगळ्यांत उभी काठी ठेवावीशी वाटते, पण तिचे डोळे एकमेकांपासून दूर असतात आणि फळ कमी धरतं; तिला निरोप द्या.

राहिलेल्या काड्यांचे मनात दोन गट करा. निम्म्या काड्यांना हात लावू नका; शेंड्याचे गोलसर डोळे शाबूत राहिले की त्यांच्यावर पहिला बहार येईल. उरलेल्या निम्म्या तीन ते पाच डोळ्यांवर कापा. त्यांच्यावरून नव्या काड्या फुटतील आणि मुख्य बहार धरतील. पुढच्या वर्षी गट बदला: ज्यांनी पहिला बहार दिला त्या आखूड करा, ज्या यंदा नव्या वाढल्या त्या अखंड ठेवा. या अदलाबदलीने झाड आटोक्यात राहतं आणि कुठल्याच वर्षी एखादा बहार पूर्ण बुडत नाही. तुमचा हंगाम छोटा असेल, थंडी लवकर येत असेल, तर अखंड काड्यांचा वाटा दोन तृतीयांश ठेवा, कारण तिथं पहिला बहारच भरवशाचा. हंगाम लांब आणि उबदार असेल तर उलट केलं तरी चालेल.

काप कसा घ्यावा यावर थोडं थांबतो, कारण अंजिराच्या लाकडात मधला गाभा मोठा आणि मऊ असतो आणि चुकीचा काप तिथून आत सडतो. काडी आखूड करताना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर जागा सोडून, डोळ्याच्या उलट बाजूला उतार देऊन कापा. जास्त लांब खुंट ठेवला तर तो वाळतो आणि वाळवण डोळ्याच्या खाली उतरते. फार जवळ कापलं तर डोळाच सुकतो. फांदी पूर्ण काढताना तिच्या बुडाशी एक फुगीर कड दिसते. त्या कडेच्या लगत बाहेरून कापा. कड कापू नका, खुंटही ठेवू नका. त्या कडेतूनच जखम भरते. मनगटाहून जाड फांदी एका कापात काढायला गेलात तर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलत खाली नेते. म्हणून आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत काप घ्या, मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून पूर्ण कापा, आणि वजन उतरल्यावर उरलेला खुंट कडेलगत काढा.

अंगठ्यापेक्षा बारीक कापांना काही लावायची गरज नाही. मोठ्या कापांना, विशेषतः पुढे दमट हवा असेल तर, बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावावी: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, प्लास्टिकच्या भांड्यात; मोरचूद लोखंडी भांड्याला खातं. छाटणीमुळे जी जाड फांदी आजवर सावलीत होती आणि आता उघडी पडली, तिच्या वरच्या बाजूला पातळ चुन्याचा हात फिरवा. अंजिराची साल उन्हाने भाजते, तडकते, आणि अशा तडकलेल्या जागी खोडकिडा अंडी घालतो.

तुमच्या झाडावर काही फांद्या मधूनच उघड्या असतील, हातभर लांबीत एकही कोंब फुटलेला नसेल. तिथं कापण्याऐवजी खाच घ्या. गेल्या वर्षीच्या काडीवर झोपलेला डोळा निवडा आणि त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे शेंड्याकडे, अर्ध्या सेंटिमीटरवर सालीची चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी काढा, काडीच्या घेराच्या एक तृतीयांश इतकीच, लाकूड न कापता. शेंड्याकडून खाली येणारं, डोळ्यांना दाबून ठेवणारं संप्रेरक तिथं अडतं आणि तो डोळा फुटतो. डोळे फुगण्याच्या थोडं आधी केलं तर सगळ्यांत चांगलं. एका काडीवर तीन-चार खाचांपेक्षा जास्त नकोत.

छाटणी इथं संपत नाही. फूट येऊन दोन-तीन इंचांची झाली की पुन्हा एक फेरी मारा. प्रत्येक कापावर दोन फुटी ठेवून बाकीच्या बोटाने मोडा. आता एका सेकंदात मोडणारी फूट वर्षअखेर करवत मागते. नव्या जोमदार काडीला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडा. वाढ थांबली की त्या काडीचं बळ पानांच्या बगलेतल्या फळांकडे जातं आणि फळं लवकर धरतात. तुमच्या झाडाला उशीर होणं हीच अडचण होती, त्यामुळे हे काम चुकवू नका. कमजोर, आखूड काड्या खुडू नका. आणि हंगामाचा मध्य ओलांडल्यावर खुडणं बंद करा, नाहीतर नवी कोवळी फूट थंडीत सापडते.

हंगाम संपत आला आणि काड्यांवर तीन पिढ्यांची फळं असली तर वरची, वाटाण्यापेक्षा मोठी पण पिकण्याची आशा नसलेली फळं तोडून टाका. खालची, आधी धरलेली फळं त्यामुळे पुढे सरकतात. जिथं हिवाळा सौम्य असतो तिथं शेंड्यावरची अगदी वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान फळं मात्र ठेवा, ती हिवाळा काढून पुढच्या वर्षी पहिल्या बहारात मोठी होतात. थांबलेल्या फळाला पुढे ढकलण्याची एक जुनी युक्तीही आहे. फळाच्या बुडाचं छिद्र गुलाबीसर झालं की त्यावर खाद्यतेलाचा एक थेंब बोटाने लावायचा. फळात इथिलिन हा फळ पिकवणारा वायू तयार व्हायला चालना मिळते आणि ते आठवडाभरात पिकू लागतं. छिद्र हिरवं असताना लावलं तर फळ मऊ पडतं पण गोडी येत नाही.

खताबाबत तुमचं पत्र वाचून आम्हाला सगळ्यांत जास्त काळजी वाटली. यंदा युरिया पूर्ण बंद करा. अंजिराला खत हवं की नको हे गेल्या हंगामातल्या काडीची लांबी सांगते. काडी फुटापेक्षा कमी वाढली असेल तर खताची गरज आहे. एक ते दोन फूट वाढली असेल तर नवे कोंब फुटताना एकदाच दहा-पंधरा किलो चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. तुमच्या काठ्या माणसाहून उंच गेल्या आहेत, म्हणून या वर्षी शेणखतही नको. छाटणी आणि नत्र एकाच वेळी दिलं की झाड फक्त लाकूड बनवतं. पुढच्या वर्षी वाढ बघून ठरवा.

पाण्यात सातत्य महत्त्वाचं. मुळं उथळ आणि लांब पसरलेली असतात, म्हणून पाणी खोडाशी नको, फांद्यांच्या घेराच्या बाहेरच्या कडेखाली आळं करून द्या. कोरड्या उन्हाळ्यात या वयाच्या झाडाला आठवड्यातून एकदा ४० ते ६० लिटर हा अंदाज धरा. रेताड जमिनीत तेवढंच पाणी दोन वेळांत विभागून. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी सळई दीड फूट सहज गेली पाहिजे. भर दुपारी पानं मान टाकतात ते चालतं. सकाळी टाकलेली दिसली तर झाड तहानलेलं आहे. अशा ताणाने फळं आधी गळतात, पानं नंतर. उलट, बरेच दिवस कोरडं ठेवून फळ पिकताना भरपूर पाणी दिलं तर फळ तडकतं, बुडाचं छिद्र उघडतं आणि त्यातून शिरणारे किडे यीस्ट आत नेऊन फळ आंबवतात. पिकण्याच्या दिवसांत पाणी तोडू नका, थोडं कमी करा. आळ्यावर तीन-चार इंच वाळक्या पाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडापासून वीतभर दूर. झाडाखाली कुदळीने खणू नका.

पानांमागची तपकिरी पूड म्हणजे तांबेरा. तो बुरशीजन्य आहे, दमट हवेत फोफावतो आणि पानं वेळेआधी गाळतो. पानं गेली की फळं पिकायला साखर कुठून येणार? त्याचे बीजाणू पडलेल्या पानांत टिकतात, म्हणून झाडाखालचा गेल्या वर्षीचा पाला एकूण एक गोळा करून बागेबाहेर काढा. कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, आच्छादनालाही वापरू नका. छाटणीनंतर उघड्या झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, आणि दमट दिवस सुरू होताना पूर्ण उघडलेल्या पानांवर पुन्हा एकदा, पानांच्या मागची बाजू भिजेल असं. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्धा लिटरमध्ये विरघळवा, चुन्याचं पाणी गाळून घ्या आणि ढवळत ढवळत मोरचुदाचं पाणी त्यात ओता. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. चुन्याचं पाणी आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा. फळं पिकायला लागल्यावर फवारू नका. मध्यभाग मोकळा झाला की वारा खेळतो आणि तांबेरा तसाही निम्मा उतरतो.

छाटताना खोडाकडेही एक नजर टाका. सालीतल्या भोकातून भुसा पडत असेल तर खोडकिडा आत आहे. भोकात लवचीक तार घालून अळी मारा आणि चिखलाने भोक बंद करा. पानांवर पिवळे, वेडेवाकडे चट्टे आणि वाकडी पानं दिसली होती का, तेही आठवा. तो मोझॅक विषाणू असतो. त्याला औषध नाही, बहुतेक झाडं तो घेऊनही फळ देतात, पण अशा झाडाच्या काड्या लावायच्या नाहीत.

फळ कधी तोडायचं हे तुम्ही विचारलं नाही, तरी दोन ओळी: मान लवून फळ खाली लटकलं, साल सैल पडली, देठाशी तोडल्यावर पांढरा चीक आला नाही, तर ते पिकलं. अंजीर तोडल्यावर मऊ पडतं, पण गोड होत नाही. पक्ष्यांसाठी सगळं झाड जाळीत घालण्यापेक्षा फळ फुगायला लागलं की त्याला पातळ कापडी पिशवी बांधणं सोपं जातं.

काड्या लावल्या तर जगतील, अंजीर त्या बाबतीत फार उदार आहे. मोझॅक नसलेल्या झाडाची, गेल्या वर्षीची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, आठ-दहा इंचांची, चार डोळ्यांची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ, वरचा तिरका, म्हणजे लावताना उलटी जात नाही. चीक थांबेपर्यंत एक दिवस सावलीत ठेवा. निम्मी वाळू आणि निम्मं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, तळाशी भोकं असलेली खोल पिशवी. दोन-तीन डोळे मातीत, एक वर. एकदा नीट पाणी देऊन सावलीत ठेवा आणि नंतर वरची माती कोरडी दिसल्यावरच द्या. लावलेल्या काड्या तहानेपेक्षा ओलाव्याने जास्त मरतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळं येतात. पानं त्याआधीच दिसतात, त्यामुळे पानं दिसली म्हणून ओढून बघू नका आणि लगेच उन्हात नेऊ नका. पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की मगच मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवा. पहिल्या वर्षी त्या इवल्या झाडावरही अंजीर धरतात. ते खुडून टाका.